कृष्णवेणीचं ‘येते हं’

कृष्णवेणीच्या घरात ‘जाते’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. आजोबांनी तंजावरच्या जुन्या मराठी वस्तीतून चेन्नईजवळच्या तांबरमला बिऱ्हाड आणलं, त्यात भांडीकुंडी बेताची आणि असले नियमच फार. कोपऱ्यावर दूध आणायला निघालं तरी ‘येतें’ म्हणायचं, परीक्षेला निघालं तरी ‘येतें’. चुकून कुणी ‘जातें’ म्हटलं, तर त्याला परत आत बोलावून, पाटावर बसवून पाणी पाजलं जाई आणि मग पुन्हा नीट निरोप घ्यायला लावत. कृष्णवेणीचे वडील ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून ‘येतों’च म्हणाले होते. ते काही आले नाहीत, पण म्हणून घरातला शब्द बदलला नाही.

आता त्या घरात दोघीच उरल्या होत्या, कृष्णवेणी आणि तिची आई तुळसीबाई. कृष्णवेणीचं लग्न जमता जमता राहून गेलं. पत्रिका जुळली तर माणूस नको वाटे, माणूस बरा वाटला तर पत्रिका आडवी येई. पुढे पुढे विचारायला येणारेच थांबले, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. तांबरमच्या एका शाळेत टायपिस्ट म्हणून तिची बरीच वर्षं गेली. शाळेला टायपिस्ट नकोशी झाली, तेव्हा शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात मराठी बोलणारी माणसं हवीत असं तिला कळलं. औषधं घरपोच पाठवणारी कंपनी होती. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चेन्नईतून फोन करायचे, गोळ्या संपल्या का, साखर मोजली का, पुढची खेप कधी पाठवू, असं विचारायचं. जन्मभर तमिळ शेजारात, घरातल्या घरात लपूनछपून बोललेली भाषा पोटापाण्याला कामी येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिथला साहेब हेरंब, मूळचा नाशिकचा आणि वयानं तिच्याहून पुष्कळ लहान. पहिल्याच दिवशी ती ‘अस्क जाहलें’ म्हणाली, म्हणजे ‘सगळं झालं’, आणि तो पोट धरधरून हसला. "मॅडम, तुम्ही काय शिवाजी महाराजांच्या काळातून आलात का?" तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. महिनाभर रोज बसमधून येता-जाता तिनं स्वतःशी पुटपुटत आपली भाषा घासूनपुसून लख्ख केली. ‘जाहलें’चं ‘झालं’ केलं, ‘अस्क’चं ‘सगळं’ केलं. पण एक शब्द काही केल्या गेला नाही. फोन ठेवताना बाकीच्या मुली ‘धन्यवाद, आपला दिवस शुभ असो’ म्हणत. कृष्णवेणी तेवढं म्हणे, आणि मग तोंडातून आपसूक निघून जाई, "येते हं!"

फोन ठेवताना कोण ‘येते’ म्हणतं? हेरंबनं दोनदा तिला झापलं. पण पलीकडच्या आज्या खूश होत. त्या हसून म्हणत, "या हं, कधीही या!" कराडच्या अलकनंदाआजी तर इतर कुणाशी बोलतच नसत. "ती येते हं म्हणणारी पोरगी द्या," म्हणत. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला पोरगी म्हणणारं आता दुसरं होतं कोण!

ऑफिसात हजेरी लागे ती आवाजावर. सकाळी कानाला हेडफोन लावायचा आणि म्हणायचं, "माझा आवाज हीच माझी ओळख." यंत्र आवाज ओळखे आणि कॉम्प्युटर उघडे. नोकरीला लागताना हेरंबनं सांगितलं होतं, "तुमच्या जागी दुसरं कुणी हजेरी लावू नये, एवढ्यासाठीच." कृष्णवेणीला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट जरा मान मिळाल्यासारखं वाटलं. टायपिस्टला कधी कुणी आवाजानं ओळखलं नव्हतं.

आवाजाचं महत्त्व तिच्या घरात मात्र फार मोठं होतं. तुळसीबाईंना काचबिंदू झाला होता आणि दोन्ही डोळ्यांनी आता काहीच दिसत नव्हतं. कृष्णवेणी कामावर गेली की त्या दिवसभर एकट्या. एकदा एक माणूस पाण्याचा फिल्टर बघायला आलोय म्हणून सांगत आला. तुळसीबाईंनी भाबडेपणानं दार उघडलं. तो घरभर हिंडला. त्याची पावलं त्यांना ऐकू येत होती, देवघरापाशी थांबलेली, कपाटापाशी थांबलेली, मग अगदी त्यांच्या समोर येऊन थांबलेली. त्याचा श्वास त्यांच्या तोंडावर येत होता आणि त्या भिंतीला पाठ लावून रामराम म्हणत होत्या. तो गेला तेव्हा देवघरातला चांदीचा दिवा गेला होता. त्यानंतर कितीतरी दिवस त्या झोपेत दचकून उठत.

तेव्हापासून मायलेकींचा एक करार ठरला. बाहेरच्या लोखंडी ग्रिलची कडी आतून लावलेली असायची. ती कुणासाठीही काढायची नाही, शेजाऱ्यांसाठीही नाही. दुपारी कृष्णवेणी फोन करी, पण फोन ठेवताना आईला ‘ठेवतें’ म्हणे. ‘येतें’ हा शब्द फोनवर एकदाच उच्चारायचा, ती संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोचली की. तो ऐकला की तुळसीबाई उठायच्या, भिंत चाचपत दारापर्यंत यायच्या आणि कडी काढून ठेवायच्या. लेकीचा आवाज आणि तो शब्द, एवढंच त्या घराचं कुलूप होतं.

परवाच्या मंगळवारी ती नेहमीसारखी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिनं फोन लावला. आईनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. न्हाणीत असेल, म्हणत ती जिना चढली आणि वरच्या पायरीवरच तिचे पाय थांबले. ग्रिल सताड उघडं होतं. आतलं लाकडी दारही उघडं होतं.

  घरात कुणी असेल तर? अजून असेल तर? हातातली पिशवी पुढे धरून ती भिंतीच्या कडेकडेनं आत सरकली.

तुळसीबाई दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मान एका बाजूला कलली होती. कृष्णवेणीच्या तोंडून किंकाळीच फुटली. तशा त्या दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "वेणी? आलीस कां? किती उशीर केलीस, कण्णा, बाळा! दुपारपासून दार काढून बसलों आहें."

"दुपारपासून? कुणी सांगितलं तुला दार उघडायला?"

"तूच की! जेवण जाहल्यावर फोन केलीस. मेला साहेब शेजारी होता वाटतें, आफीसचं मराठी बोलत होतीस. जेवलात का, गोळी घेतली का, पाय कसा आहे. मग शेवटीं म्हटलीस, येते हं. मी लगेच उठून कडी काढलें."

कृष्णवेणी तिथंच जमिनीवर बसली. त्या दुपारी तिनं फोन केलाच नव्हता. कामाच्या गडबडीत राहून गेला होता.

"अम्मा, तो माझा आवाज नव्हता."

"वेडी कां? तुझा आवाज मला कळत नाहीं?" तुळसीबाई हसल्या. मग जरा लाजल्यासारख्या म्हणाल्या, "खरें सांगतें, बरें वाटलें आज. तू कधीं इतका वेळ बोलत नाहींस. मी गुडघ्याचं सांगितलें, बाबांच्या ऑपरेशनचं सांगितलें, दिवा गेला तेंहि सांगितलें, कपाटाची किल्ली आतां डाळीच्या डब्यांत ठेवतों म्हणून. अस्क ऐकून घेतलीस. मध्यें एकदाहि घाई केली नाहींस."

 आईचं सुख बघून कृष्णवेणीला रडू येत होतं, पण किल्लीचं ऐकताच ती उठली. तिनं धावत जाऊन डाळीचा डबा उपडा केला. किल्ली होती. कपाट, देवघर, सगळं जागच्या जागी होतं. कुणी आलंच नव्हतं, आणि का कोण जाणे, त्यानं ती जास्तच घाबरली. चोर आला असता तर निदान त्याला काय हवं होतं ते कळलं असतं.

खालच्या मजल्यावरची कनका एका वकिलाच्या ऑफिसात काम करी. तिनं तुळसीबाईंचा फोन बघितला. "नंबर तुझ्या ऑफिसच्याच मालिकेतला आहे," ती तमिळमध्ये म्हणाली. "उद्या जाऊन विचार. आणि घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हणणं सोपं असतं. कृष्णवेणी रात्रभर आईच्या खुर्चीला पाठ टेकून बसली आणि पुन्हा पुन्हा उठून ग्रिलची कडी तपासत राहिली.

सकाळी हजेरीचं वाक्य म्हणताना पहिल्यांदाच तिची जीभ अडखळली. यंत्रानं तिला ओळखलं नाही. दुसऱ्यांदा म्हटल्यावर ओळखलं. ती तडक हेरंबच्या टेबलापाशी गेली आणि पुढचंमागचं करत तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं, हा आता हादरेल, पोलिसांना बोलावू म्हणेल.

हेरंबचा चेहरा आनंदानं फुलला.

"म्हणजे आईंनी ओळखलंच नाही?" तो उठून उभा राहिला. "मॅडम, अहो पेढे द्यायला हवेत तुम्ही! नवीन यंत्र आहे आपलं, आपोआप फोन करणारं. त्याला तुमचा आवाज दिलाय. रोजच्या हजेरीचा आवाज होता, सगळे कॉल रेकॉर्ड होतेच. चाचणीसाठी आम्ही स्टाफच्या घरचे नंबर घेतले, तुम्ही सगळ्यांनी अडीअडचणीसाठी दिलेले. आईला फसवता आलं तर जगात कुणालाही पटेल, नाही का? आणि तुमचं ते ‘येते हं’ आम्ही मुद्दाम ठेवलंय. त्याच्यामुळेच तर माणूस वाटतं!"

 हा पोरगा वाईट नव्हता. दिवाळीला तिच्यासाठी नाशिकहून चिवडा आणणारा होता. म्हणूनच तिला त्याची जास्त भीती वाटली.

"माझी आई आंधळी आहे, सर. त्या शब्दावर ती दार उघडते. दुपारभर दार उघडं होतं."

"अरेरे," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "त्यांचा नंबर काढून टाकायला सांगतो."

"माझा आवाज काढा."

"तो कसा काढणार? तो काही कपाटात ठेवलेला नाही. यंत्र त्यातून शिकलंय. शिकलेलं कसं काढून घेणार? आणि पहिल्या दिवशी तुम्ही ‘हो’ म्हणाला होतात."

"हजेरीसाठी म्हटलं होतं."

हेरंबनं खांदे उडवले. त्याच्या मते आवाज एकदा दिला की दिला, कशासाठी दिला हा प्रश्न उरत नव्हता. कृष्णवेणीला ओरडावंसं वाटलं, पण आपण ओरडलो तर तेही कुठेतरी साठवलं जाईल, असं मनात आलं आणि ती गप्प बसली.

तिनं दिवसाचा पहिला फोन लावला तो कराडला. "नमस्कार, अलकनंदाआजी, मी कृष्णवेणी..."

"अगं, सकाळीच तर बोललीस की!" आजी हसत म्हणाल्या. "विसरभोळी माझ्यापेक्षा तू झालीस. म्हणालीस ना येते हं म्हणून? मी म्हटलं खरंच येत्येस की काय!"

कृष्णवेणीनं काहीतरी गुळमुळीत बोलून फोन बंद केला. त्या दिवशी तिनं कुणालाच ‘येते हं’ म्हटलं नाही. ओठांवर येई आणि ती दातांखाली दाबून टाकी. बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागायलाही तिला नको वाटलं. तिनं बोटानंच खूण केली आणि तांबरमपर्यंत तोंड मिटून बसून राहिली. कोण कुठे ऐकत असेल, कुणाच्या हाती काय लागत असेल, त्या यंत्रातून तिचा आवाज आणखी कुणी उचलला तर? फिल्टरवाल्यासारख्या कुणी? डाळीचा डबा आता त्या यंत्रालाही ठाऊक होता.

गल्लीच्या तोंडाशी येऊन तिनं फोन लावला. "अम्मा, येतें." जिना चढून वर आली तर ग्रिल बंद. तिनं हाक मारली.

 आतून, अगदी दाराशी, अगदी हळू, "कोण?"

"मी, अम्मा. वेणी."

"कोण वेणी?"

"अम्मा, मी गं! दार उघड."

"फोनवरची तीहि असेंच बोलते," तुळसीबाईंचा आवाज कापत होता. "काल तूच सांगितलीस, तो तुझा आवाज नव्हें म्हणून. मग हा कोणाचा? मी नाहीं काढत दार. जा तूं, बाबा. आमच्या घरांत कांहीं नाहीं. दिवा केव्हांच गेला."

कृष्णवेणीनं ग्रिल दोन्ही हातांनी धरलं. लहानपणापासून त्या घरात ती ज्या आवाजानं आत शिरत आली होती, त्याच आवाजाला आज दार बंद होतं. बोलावं तितकं आतली बाई जास्त घाबरत होती. ती बोलायची थांबली. ग्रिलच्या गजांमधून तिनं उजवा हात आत घातला आणि तसाच धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं बांगड्या किणकिणल्या. आईची गार बोटं तिच्या बोटांना लागली, दचकून मागे गेली, पुन्हा आली. त्यांनी एकेक बोट चाचपलं. मग तळहात उलटा केला आणि त्यावर आडवा गेलेला जाड व्रण अंगठ्यानं घासून बघितला. सात वर्षांची असताना भोगीला जुनं सामान जाळतात त्या शेकोटीतून जळकी फळी उचलायला गेलेल्या पोरीचा तो व्रण होता. त्यावर हळद-तूप लावत तुळसीबाई रात्रभर जागल्या होत्या.

कडी निघाली. मायलेकी दारातच एकमेकींना धरून रडल्या. "आतां हात दाखवीत जा," आई म्हणाली. "बोलूं नकोस. हातच दे."

कनकानं तिला कागदावर मसुदा करून दिला. नवा कायदा आला आहे, ती म्हणाली, माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी असं त्याचं म्हणणं आहे, दिलेली परवानगी परतही घेता येते. "पण कंपन्यांना अजून मुदत दिलेली आहे, आणि नोकरीच्या नावाखाली पळवाटाही आहेत. तरी लिही. लिहिलेलं बरं." कृष्णवेणीनं लिहून पाठवलं. त्यानंतर ऑफिसात तिच्याशी सगळेच जरा जास्त गोड बोलू लागले. त्या गोड बोलण्यानं तिची आणखीच पाचावर धारण बसली. एक एक करून मराठी फोनांच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्याही रिकाम्या होत होत्या. यंत्र छान काम करत होतं.

मग एका सकाळी हेरंब हसत सामोरा आला. "मॅडम, तुमचं म्हणणं वर मान्य झालं! तुमच्या आवाजावरची हजेरी बंद. तुमच्या एकटीचीच नाही, सगळ्यांचीच."

"आणि यंत्रातला आवाज?"

"त्याचं बघतायत." त्यानं तिला दाराजवळ नेलं. भिंतीवर एक नवीन काळी पेटी बसवली होती आणि तिच्यापुढे रांग लागली होती. "आता आवाजाची भानगडच नको. नुसता तळहात समोर धरायचा. रेषा, आतल्या शिरा, जुना व्रणबिण असेल तर तोही, सगळं टिपून घेतं. तुमच्यासाठी तर फारच सोयीचं. या, पहिला मान तुमचा."

कृष्णवेणीनं हात पुढे केला. सवयीनंच केला, कुणी मागितलं की द्यायची सवय. पेटीत निळा उजेड लागला. आणि तिला गजांपलीकडची आईची गार बोटं आठवली. तिनं झटकन मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.

"मॅडम?"

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली.  दुसरी नोकरी कुठे मिळणार होती, आईच्या डोळ्यांचे थेंब कुठून येणार होते, कशाचाच पत्ता नव्हता. तिला भयंकर भीती वाटत होती. तिनं टेबलावरचा डबा पिशवीत टाकला, खांद्याला पिशवी लावली आणि दाराशी येऊन थांबली. सवयीचा शब्द ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"जाते," ती म्हणाली.

हेरंबला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो ‘बरं’ म्हणाला आणि रांगेकडे वळला. जिना उतरता उतरता जन्मात पहिल्यांदा म्हटलेला तो शब्द कृष्णवेणीच्या कानात कसासाच घुमत राहिला. आत, रिकाम्या मराठी टेबलावर, यंत्राचे फोन सुरूच होते. त्याच वेळी कराडला कुणी म्हातारी फोन कानाला लावून हसत असेल, आणि चेन्नईहून कृष्णवेणी तिला मायेनं म्हणत असेल, "येते हं."